गणपतीसाठी टाकी घासली आणि एंजलची शेपटी गेली

मागच्या गणपतीला आमच्या घरात दोन गोष्टी चकाचक होत्या, एक पितळी समया आणि दुसरी माझी माशांची टाकी. समया आईनं घासल्या, टाकी मी. आणि आठवड्याभरात माझ्या एंजल माशाची शेपटी झिजलेल्या केरसुणीसारखी झाली. हे लिहायचं कारण म्हणजे त्यानंतर तिघाचौघांनी मला फोटो पाठवून विचारलंय, माझ्या माशाची शेपूट फाटल्यागत दिसायलीय, कुठलं औषध घालू? प्रत्येकाला तेच तेच टाईप करून अंगठा दुखायला लागलाय, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकतो.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. पुढच्या खोलीत दोन फुटी टाकी आहे, खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर साठेक लिटर पाणी बसतं. त्यात तेव्हा दोन एंजल, तीन टायगर बार्ब, चार मॉली आणि एक सकर. जाणकार लगेच म्हणतील गर्दी झाली, आणि बार्ब एंजलबरोबर ठेवलेस कशाला. माहितीय ओ. आता माहितीय. तेव्हा दुकानात पट्टे चांगले दिसले म्हणून घेतले.

तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी घरात साफसफाई चाललेली आणि आई म्हणाली, ती तुझी टाकी पण जरा धू की, लोक येणार, हिरवट दिसायलीय. मग काय, मी अंगात आल्यासारखी धुतली. मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, खडी पाटीत घेऊन नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत घोळली, प्लॅस्टिकची झाडं ब्रशनं घासली, आणि फिल्टरचा स्पंज, जो तपकिरी चिकट झाला होता, तो नळाखाली पिळून पिळून नवा कोरा केला. मग नळाचंच पाणी भरलं, क्लोरीन मारायच्या औषधाचे अंदाजे चार थेंब टाकले (अंदाजे हा शब्द लक्षात ठेवा) आणि मासे परत सोडले. काय दिसत होती टाकी! आल्या-गेल्या प्रत्येकानं आधी गणपतीला नमस्कार केला आणि मग टाकीसमोर उभारून बघितलं.

पाहुण्यांबरोबर पोरं आली. खानापूरची, चंदगडची, पुण्याची. आमच्याकडं चिरमुऱ्याचं पोतं घरात असतंच, सकाळी भडंग, संध्याकाळी भेळ, आणि पोरांच्या मुठीत कायम चिरमुरे. एकानं टाकीत चार टाकले, मॉलींनी खाल्ले, झालं, मग तो खेळच झाला. मामा बघ, खायलाय बघ. मी पण आरतीच्या गडबडीत, दिवसभरात किती मूठ गेले देव जाणे. दोन दिवसांनी स्पंजवर आणि खडीत फुगलेले पांढरे चिरमुरे दिसले ते मी काढले पण जे दिसले नाहीत ते तिथंच कुजले.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मला वाटलं पावसाळी पाणी, आमच्या नळाला ज्या धरणातनं येतं त्या राकसकोपला गढूळ आलं असेल. पाचव्या-सहाव्या दिवशी मोठ्या एंजलच्या शेपटीची कड पांढरी दिसायला लागली, जणू कुणी खडूची रेघ मारलीय. दुसऱ्या दिवशी त्या कडेला चिरा पडल्या, तिसऱ्या दिवशी दोन काड्यांच्या मधला पडदाच नाही. माशाचा पर म्हणजे छत्रीच समजा, काड्या असतात आणि त्यांच्यावर पातळ पडदा ताणलेला असतो, आणि ही छत्री वाऱ्यात उलटून फाटल्यासारखी झालेली. लहान एंजलच्या वरच्या पराला मात्र वेगळाच प्रकार, कड स्वच्छ, पांढरं काही नाही, पण एक अर्धगोल तुकडा गायब. मी दोन्हीला एकच रोग समजलो.

इथून पुढं मी जे केलं ते करू नका. दुकानात गेलो, फोटो दाखवला, त्यानं निळ्या औषधाची बाटली दिली, मिथिलीन ब्लू. ती घरी येऊन थेट मोठ्या टाकीत ओतली. पाणी असं निळं झालं की आई म्हणाली, धोतरं बुडवू काय त्यात? टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन अजून निळसर आहे, ते आता टाकी फुटेपर्यंत तसंच राहणार. दोन दिवसांत फरक नाही म्हणून अर्धं पाणी बदलून पिवळी कॅप्सूल फोडून टाकली. तिसरं पण काहीतरी आणलं, हिरवं होतं. चार दिवसांत तीन औषधं, एक मॉली गेली, आणि मोठ्या एंजलची शेपटी निम्म्यावर आली.

चौथं औषध आणायला मी शहापुरातल्या दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथले अण्णा कन्नड, वय झालेलं, फोटो बघितलाच नाही त्यांनी. मला म्हणाले, औषध ब्याड्री, नीर बदलस्री. औषध नको, पाणी बदल. मला जरा रागच आला, गिऱ्हाईक पैसे घेऊन आलंय आणि हा माणूस विकायलाच तयार नाही. मग त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, फिल्टर कशानं धुतलं? मी अभिमानानं म्हटलं, नळाखाली, एकदम साफ. ते हसले. औषधाच्या जागी त्यांनी मला अमोनिया बघायचं टेस्ट किट विकलं, म्हणजे गिऱ्हाईक सोडलं नाही त्यांनी, पण बरोबर वस्तू दिली.

आता ते हसले का ते सांगतो, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न कुजलं की पण अमोनिया. तो माशाला विषारी. टाकीत एक जातीचे जिवाणू असतात, नायट्रोसोमोनास वगैरे, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग नायट्रोस्पिरा नावाचे दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते राहतात स्पंजवर, खडीवर, काचेवर. म्हणजे तो तपकिरी चिकट थर ज्याला मी घाण म्हणून पिळून गटारात सोडला तोच माझा फिल्टर होता, स्पंज नुसता त्यांचं घर. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच टाकलेलं असतं, त्याला चांगला जंतू आणि वाईट जंतू कळत नाही. पावसाळ्यात तर नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास मलाच येत होता. थोडे वाचले असतील त्यांच्यावर मी वरनं मिथिलीन ब्लू ओतलं, ते पण या जिवाणूंना मारतं. नव्यानं ही वस्ती बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी नेमक्या त्याच आठवड्यात टाकीत मुठी मुठी चिरमुरे जाऊ दिले.

आणि पर सडवणारे जंतू? एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लॅव्होबॅक्टेरियम, ही मंडळी बहुतेक टाक्यांत असतातच. चांगल्या माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यातून ते आत शिरू शकत नाहीत. अमोनियानं तो थर आणि कल्ले भाजले, मासा दमला, की मग पराच्या कडेपासून खायला सुरुवात. आपल्याला दिसते फाटलेली शेपूट, म्हणून आपण शेपटीला औषध लावायला धावतो.

किटनं लगेच बघावं म्हटलं तर पाणी अजून रंगीत, रंग जुळणार कसा, म्हणून आधी अर्धं पाणी काढलं, संध्याकाळी परत थोडं, मग टेस्ट केली. हिरवा आला, १ आणि २ पीपीएमच्या मधला, आणि तो पण एवढं पाणी बदलून. असायला पाहिजे शून्य. त्यात आमच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.८. हे महत्त्वाचं आहे, कारण पीएच ७ वरून ८ झाला की अमोनियातला खरा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पूर्वेकडं बोरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. तुमचा मित्र कोकणात कमी पीएचच्या पाण्यात त्याच अमोनियावर मासे जगवेल, तुमचे मरतील.

मग पाणी बदलायला लागलो. रोज पंधरा-वीस लिटर, म्हणजे चौथा-तिसरा हिस्सा, सकाळी कामावर जायच्या आधी. त्यासाठी महागडं काही घेतलं नाही, गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप, हार्डवेअरच्या दुकानात मिटरवर मिळते, तिचं एक टोक खडीत खुपसायचं, दुसरं बादलीत, तोंडानं ओढायचं आणि पाणी तोंडात यायच्या आधी सोडायचं. मला हे टायमिंग जमायला तीन दिवस लागले, चव विचारू नका. खडीतून काय निघालं! चिरमुरे ओळखू येत होते.

भरायला मागच्या विहिरीचं पाणी. आमच्याकडं वडगाव-शहापुरात जुन्या घरांना अजून विहिरी आहेत, क्लोरीनचा प्रश्न मिटला. पण विहीर आहे म्हणून डोळे झाकून ओतू नका, मी आधी तिचं पाणी पण किटवर बघितलं, अमोनिया शून्य आला मग वापरलं. आणि ते गार असतं, पावसाळ्यात तर बर्फच, म्हणून एक तांब्या गरम पाणी मिसळून टाकीतल्या पाण्याएवढं करून घ्यायचं, हात घालून कळतं. ज्यांना नळाचंच वापरायचंय त्यांनी क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढं घाला, माझ्यासारखं अंदाजे नको.

अन्न दोन दिवस पूर्ण बंद. आई म्हणाली, उपाशी मारतोस काय. मोठा मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही, मासा भुकेनं मेलेला मी अजून बघितला नाही, खायला घालून मारलेले बघितलेत. नंतर दिवसातनं एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

पण खरा उपकार केला तो अनगोळच्या मित्रानं. त्याची टाकी पाच वर्षं जुनी. त्याला फोन करून म्हटलं, तुझ्या फिल्टरमधला जुना स्पंज दे. तो गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर कॅरीबॅगमध्ये त्याच्याच टाकीचं पाणी घालून एक काळपट, चिकट, घाण स्पंज घेऊन आला आणि मी तो दोन हातांनी प्रसाद घ्यावा तसा घेतला. आई बघतच राहिली. पहिला स्वच्छ केलास आणि आता दुसऱ्याचा घाणेरडा आणलास? तिला जिवाणूंचं सांगायला लागलो तर म्हणाली, विरजण म्हण की. एका शब्दात संपवलं तिनं. स्पंज ओलाच आणायचा, वाटेत वाळला किंवा नळाखाली धुतला की विरजण मेलं. आणि ज्याच्याकडनं आणताय त्याच्या टाकीत आजार नाही ना ते विचारून घ्या, नाहीतर फुकटात दुसरंच काहीतरी घरी याल घेऊन. पाच-सहा दिवसांत अमोनिया खाली आला, मधे थोडे दिवस नायट्राइट वर गेलं, मग तेही उतरलं.

या सगळ्यात मोठ्या एंजलची शेपटी थांबली. म्हणजे वाढली नाही पण सडायची थांबली. लहान एंजलच्या पराला मात्र रोज नवा अर्धगोल. पाणी चांगलं, पांढरी कड नाही, मग हे काय? मग एका रविवारी खोलीतली लाईट बंद करून, टाकीची चालू ठेवून, लांब खुर्ची टाकून वीस मिनिटं गप्प बसलो. आपण टाकीजवळ गेलो की मासे खायला मिळणार म्हणून सगळे समोर येतात, सज्जन होतात. लांबनं बघितल्यावर कळलं. टायगर बार्बातला एक, मागनं येऊन लचका तोडून पळायचा, अगदी गल्लीतलं पोरगं टपली मारून पळतं तसं. टायगर बार्ब हा कळपाचा मासा, सात-आठ असले की आपापसात भांडत बसतात, दोन-तीनच असले की दुसऱ्यांच्या मागं लागतात, आणि एंजलचे लांब लोंबते पर म्हणजे आयतंच आमिष. त्या तिघांना अनगोळला पाठवलं, तिथं आधीच पाच होते, आता आठजण मिळून धिंगाणा घालतात आणि एकाचीही तक्रार नाही.

म्हणजे फरक असा. चावलेला पर असेल तर कड साफ, तुकडा गेलेला, एका रात्रीत किंवा तासात झालेला, बाकी मासा टवटवीत. सडलेला असेल तर कड पांढरी किंवा लालसर, दोऱ्या सुटल्यासारखी, रोज थोडी थोडी आत सरकणारी, आणि मासा पर मिटून कोपऱ्यात. चावलेल्या जागी पाणी खराब असलं की सडणं पण सुरू होतं, म्हणून कधी कधी दोन्ही एकत्र. तिसरा प्रकार म्हणजे फाटलेला, जाळीत अडकून, फिल्टरच्या तोंडाशी ओढला जाऊन, नाहीतर प्लॅस्टिकच्या झाडांवर घासून. शेजारच्या काकूंचा माग आहे, आमच्या भागात अजून थोडे माग चालतात, त्यांना मी एक चिंधी मागितली, साडीच्या रेशमी कडेची. ती एकेका झाडावरनं हळू ओढली. दोन झाडांवर चर्रकन अडकून धागे निघाले. काकू म्हणाल्या, अहो, आमची साडी टिकत नाही तिथं, मासा काय टिकणार. ती दोन्ही झाडं काढून टाकली, त्या जागी खरी व्हॅलिसनेरिया लावली. रेशमी चिंधी नसेल तर जुना नायलॉनचा मोजा पण चालतो.

मिठाबद्दल सगळे विचारतात. मी मोठ्या एंजलला दहा दिवस वेगळ्या टबात ठेवला, वीस लिटर पाणी, एक लहान स्पंज फिल्टर, आणि जाडं मीठ, लिटरला एक-दोन ग्रॅमच्या हिशोबानं, म्हणजे टबाला वीस-चाळीस ग्रॅम, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून मग थोडं थोडं. लोणच्याला घेतो ते खडेमीठ चालतं, मसाल्याचं किंवा काही मिसळलेलं नको. मिठानं माशाचा ताण कमी होतो, अंगावरचा बुळबुळीत थर सुधारतो, आणि नायट्राइट असलं तर ते रक्तात कमी शिरतं. पाणी उडून गेलं तरी मीठ तिथंच राहतं हे विसरू नका, नुसतं पाणी वाढवताना परत मीठ घालायचं नाही, जेवढं पाणी बदललं तेवढ्याचंच घालायचं. मोठ्या टाकीत नको, झाडं आणि सकर दोघांना सोसत नाही. टबात देशी बदामाची दोन वाळलेली पानं पण टाकली, रस्त्याकडंला झाडं भरपूर आहेत, लाल होऊन गळलेलं पान धुवून टाकायचं. पाणी चहासारखं होतं, जंतू थोडे दबतात. पानानं रोग बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण एंजल त्याच्याखाली जाऊन निवांत बसायचा.

आणि हीटर. बेळगावला माशांना हीटर लागत नाही असं मला दहा वर्षं सगळ्यांनी सांगितलं. पावसाळ्यात थर्मामीटर घातला तर २२. एंजलला २५ ते २८ पाहिजे. गार पाण्यात त्याची प्रतिकारशक्ती पण झोपते आणि पर वाढायचं पण रखडतं. लिटरला जवळपास एक वॅट धरून मी पन्नास वॅटचा घेतला, २७ वर ठेवला. डिसेंबरात रात्री आपल्याकडं बाहेर चौदा-पंधरापर्यंत जातं, तेव्हा तर बोलायलाच नको.

नवव्या-दहाव्या दिवशी शेपटीच्या कडेला एक पारदर्शक पट्टी दिसली, काच असल्यासारखी, बाजूनं उजेड टाकल्याशिवाय कळत नव्हती. मला आधी वाटलं परत सडायला लागलं. पण ती पांढरी नव्हती, गुळगुळीत होती. नवा पर असाच येतो, आधी बिनरंगाचा, मग काड्या फुटतात, मग रंग भरतो. महिनाभरात निम्म्याहून जास्त, अडीच महिन्यांत जवळजवळ पूर्ण. काड्यांची मुळं शाबूत असली तर येतो परत. सडणं अगदी अंगापर्यंत पोचलं असेल तर त्या जागी पर येत नाही, म्हणून उशीर करू नका.

औषध कधीच नको असं पण नाही. पाणी आठवडाभर चांगलं ठेवून, टेस्ट शून्य येऊन सुद्धा सडणं पुढं सरकत असेल, पराच्या मुळाशी किंवा अंगावर लाल रेषा दिसत असतील, कापसासारखं काही धरलं असेल, तर औषध लागतंच, पण वेगळ्या टबात, एकच औषध, आणि पूर्ण कोर्स. माझी ती पिवळी कॅप्सूल टेट्रासायक्लिन होती. नंतर कळलं की जड पाण्यातलं कॅल्शियम तिला बांधून टाकतं, म्हणजे आमच्यासारख्या पाण्यात तिचा जोर बराचसा तिथंच संपतो. एवढं करून पाणी पिवळं करून घेतलं.

लहान एंजल वाचला नाही. चावे भरत आले होते, खात होता, आणि एका सकाळी खाली पडलेला दिसला, कारण मला सांगता येणार नाही. मोठ्याच्या शेपटीत एक काडी वाकडी आलीय, पोहताना ती किंचित डावीकडं झुकते, माहीत नसेल त्याला दिसणार नाही. फिल्टरचा स्पंज आता महिन्यातनं एकदा, टाकीतल्याच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा आणि परत लावायचा, तपकिरीच राहू द्यायचा.

परवा आईनं समया काढल्या माळ्यावरनं. टाकीकडं बघून म्हणाली, हिरवट झालीय की रे परत. मी म्हटलं, पुढची काच तेवढी पुसतो. आणि चिरमुऱ्याचं पोतं यंदा आतल्या खोलीत, कपाटावर.